उपयुक्ततावाद

एखादी कृती योग्य की अयोग्य, हे तिच्यामुळे सुख किती वाढले आणि दुःख किती घटले यावरून ठरवावे, असे मानणारी नीतिशास्त्रातील विचारसरणी. रूढी, शास्त्राज्ञा किंवा करणाऱ्याचा मोठेपणा यांना तिच्या लेखी स्वतंत्र किंमत नाही. परिणाम काय झाला, एवढेच पाहायचे. आणि तो पाहताना प्रत्येकाचे सुख सारख्याच वजनाचे धरायचे. सावकाराचे सुख एक, तर कुळाचेही एकच. या समतेमुळेच ही विचारसरणी आपल्या काळात क्रांतिकारक ठरली. तिच्यावर टीका करताना हे विसरून चालत नाही.

‘अधिकांचे अधिक सुख’ ही कल्पना तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचिसन याने १७२५ मध्ये मांडली होती. तिला पद्धतशीर रूप दिले जेरेमी बेंथम (१७४८–१८३२) याने. बेंथम कायद्याचा माणूस. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चोरीसारख्या गुन्ह्यांनाही फाशी होती. शिक्षा म्हणजे मुळात दुःखच; तिच्यामुळे त्याहून मोठे दुःख टळत असेल तरच ती देण्यात अर्थ आहे, असे त्याने ठामपणे सांगितले. सुख मोजायला त्याने तीव्रता, कालावधी, खात्री, जवळीक (सुख किती लवकर मिळणार) अशा सात कसोट्या दिल्या. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातली एक तळटीप आजही वाचणाऱ्याला थांबवते. प्राण्यांविषयी तो तिथे म्हणतो की ते विचार करू शकतात का किंवा बोलू शकतात का हा प्रश्नच नाही. ते दुःख भोगू शकतात का, हा प्रश्न आहे.

जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) याने सगळी सुखे एकाच मापाने मोजायला नकार दिला. बुद्धीची आणि भावनेची सुखे शरीरसुखाहून वरच्या दर्जाची, असे त्याचे म्हणणे. ते मनाला पटते, पण दर्जा ठरवायचा म्हटला की सुखाखेरीज दुसरे काहीतरी माप हाती घ्यावे लागते, आणि मग मूळ सिद्धांताला तडा जातो. हाच मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. स्वातंत्र्यावर इतके उत्तम लिहिणाऱ्या या माणसाने हिंदुस्थानसारख्या देशांना मात्र त्या स्वातंत्र्यातून वगळले. मराठी वाचकाला हे खटकते आणि खटकायलाच हवे. तरीही आगरकरांसारख्या सुधारकांनी मिलकडूनच पुष्कळ घेतले.

मराठीत या विचारसरणीची सर्वांत कसून तपासणी लोकमान्य टिळकांनी केली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ (म्हणजे बाह्य, ऐहिक सुखावर नीती उभी करणारा विचार) असे स्वतंत्र प्रकरण आहे. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हे तत्त्व ते तिथे तपासतात. पांडवांकडे सात अक्षौहिणी सैन्य, कौरवांकडे अकरा. पांडव हरले असते तर अधिक लोकांना सुख झाले असते. म्हणून पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरतो काय? त्यांचा दुसरा दाखला अमेरिकेतला आहे. एका मोठ्या शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्राम सुरू करायची होती. परवानगी मिळायला उशीर होऊ लागला, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली. ट्राम धावू लागली, शहराची सोय झाली, आणि पुढे प्रकरण उघडकीला येऊन खटला उभा राहिला. बाह्य परिणाम तोच, मग लाचेने आणलेली ट्राम आणि सरळ मार्गाने आणलेली ट्राम यांत फरक कशाचा? टिळकांचे उत्तर: कर्त्याच्या बुद्धीचा.

यावर उपयुक्ततावादी गप्प बसत नाहीत. लाचेचा परिणाम ट्रामपाशी संपत नाही, ती पुढच्या शंभर लाचांना वाट करून देते. म्हणून सुटी कृती न पाहता, कोणता नियम सर्वांनी पाळल्यास सुख वाढेल ते पाहावे, असे त्यांच्यातले नियमवादी म्हणतात. हे उत्तर बरेच दूर नेते. पण लाच वाईट ती फक्त हिशेब बिघडवते म्हणूनच का, ही रुखरुख उरतेच.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो समजायला पुण्याजवळच्या मुळशी पेट्यात जावे लागते. तिथल्या आंबेमोहर भाताच्या खाचरांवर पाणी उभे करून मुंबईसाठी वीज काढायचा टाटांचा प्रकल्प आला, तेव्हा १९२१ मध्ये तिथल्या मावळी शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते; घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. नुसती डोकी मोजली तर मुंबईचे पारडे जड होणार हे उघड आहे. पण ज्याचे खाचर बुडते त्याला त्या बेरजेतून काय मिळते? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ मध्ये हाच मुद्दा तत्त्वाच्या पातळीवर मांडला. एखादा माणूस उद्याच्या लाभासाठी आज पोटाला चिमटा घेतो तेव्हा तोटा त्याचा आणि लाभही त्याचाच. समाजाचे तसे नाही. तोटा एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असताना दोन्ही एकाच खात्यात मांडणे म्हणजे माणसे वेगवेगळी आहेत हेच नाकारणे. या आक्षेपाला उपयुक्ततावाद्यांकडून आजवर पुरेसे उत्तर मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स याने १९७३ मध्ये कर्त्याच्या बाजूने आक्षेप घेतला. समजा, वीस निरपराध लोक गोळी घालण्यासाठी उभे केले आहेत. एकाला तू स्वतः मार, बाकीचे सोडतो, असे त्या तुकडीचा कप्तान एका पाहुण्याला सांगतो. उपयुक्ततावादाला यात अडचणच दिसत नाही. मी मारणे आणि कोणीतरी मारणे यांतला फरक त्याला दिसत नाही, हेच विल्यम्सला खुपते.

उलट ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर याने १९७२ मध्ये, पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल समोर असताना, या विचारसरणीची ताकद दाखवली. डबक्यात बुडणाऱ्या पोराला वाचवताना कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूरच्या उपाशी पोराच्या बाबतीत अंतराने काय फरक पडतो? हे तत्त्व माणसाकडून फार मागते, असा आक्षेप यावर घेतला जातो. मागणे जड आहे म्हणून ते चुकीचे ठरते, असे मात्र म्हणता येत नाही.

सुखाच्या मापाविषयीची शंका अमर्त्य सेन यांनी नेमकी धरली. पिढ्यान्‌पिढ्या दबलेला माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो. सगळ्यांना वाढून उरलेले खाणारी सासुरवाशीण ‘माझे काही अडत नाही’ म्हणते, आणि मोजणारा तिची नोंद सुखी म्हणून करतो. म्हणून सेन समाधानाऐवजी, माणसाला प्रत्यक्षात काय करता येते आणि काय होता येते, ते पाहायला सांगतात.