मन निसटलं, हे कळतं तो क्षण

ब्रश दातांवर फिरत असतो आणि मन उद्याच्या मीटिंगमध्ये जाऊन बसलेलं असतं. यात नवल काही नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 2250 प्रौढांना फोनवरून दिवसात मधूनच विचारलं होतं: आत्ता काय करताय, आणि विचार कशाचा चाललाय? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. हातात लक्ष द्यावं लागेल असं काम नसलं की जास्त सक्रिय होणारं एक जाळंच मेंदूत आहे. आठवणी, बेत, स्वतःविषयीचे विचार हे त्याचं खाद्य.

म्हणून ‘मन हलूच द्यायचं नाही’ असं ठरवणारा पहिल्याच मिनिटाला हरतो. सराव करायचा तो परत येण्याचा.

त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको. दोन मिनिटं दात घासणं पुरेसं आहे: ते रोज होतं आणि फार लांबत नाही. त्यात एकच संवेदना धरा, समजा ब्रशचा हिरडीला होणारा स्पर्श. चव, आवाज, पाण्याचा गारवा सगळंच एकदम टिपायला गेलात तर लक्ष नुसतं उड्या मारत राहतं. मन निसटल्याचं कळलं की मनात ‘विचार’ एवढंच म्हणा आणि स्पर्शावर या. दहा वेळा निसटलं, तर दहा वेळा सराव झाला! स्वतःला रागावू नका. तो राग म्हणजे आणखी एक विचारच. ‘आता मी डावीकडे घासतोय’ हे मनातलं धावतं वर्णनही तसंच. फसवं असतं ते, कारण लक्ष जागेवर असल्यासारखं वाटतं.

बसून करायचं असेल तर उच्छ्वास मोजा, 1 ते 10, मग पुन्हा 1. मध्येच 14 वर पोचल्याचं ध्यानात आलं, तर मोजणी आपोआप चालली होती आणि मन दुसरीकडे होतं. श्वास मुद्दाम खोल करू नका. जोरजोरात घेत राहिलात तर चक्कर येते. काहींना श्वासाकडे पाहिलं की उलट धडधडायला लागतं. त्यांनी श्वास सोडून तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श धरावा. तरीही अस्वस्थता वाढत गेली, तर थांबावं.

गाडी चालवताना मात्र श्वास नको, तळपायही नकोत. तिथे लक्ष फक्त रस्त्यावर.