खाण्याचा फ्लेवर श्वासात चालतो?

फर्ग्युसन रस्त्यावर चहा घेताना भाच्याने खिशातून पेनासारखं यंत्र काढलं, ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप. आंब्याचा गोड वास सुटला. "मामा, नुसती वाफ आहे. फ्लेवर तर केकमधलाच!" पुण्यात हे मी कितीदा ऐकलंय, आणि ते साफ चुकीचं आहे.

ती वाफ नाही, रसायनांच्या बारीक थेंबांचा फवारा आहे. फ्लेवरला मिळालेली सुरक्षिततेची पावती पोटासाठी आहे, फुफ्फुसासाठी नाही. लोण्याचा वास देणारं डायअसिटिल खाल्लं तर पचतं. पण 2000 साली अमेरिकेतल्या मिसुरीत पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्याचं उघड झालं, आणि बोट याच्याच वाफेकडे गेलं. 2015 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे 51 फ्लेवर तपासले, 39 मध्ये डायअसिटिल निघालं. व्हेपमुळे तोच आजार होतो हे सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. पण दालचिनीच्या फ्लेवरमधलं सिनामाल्डिहाइड कफ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. शिवाय काही फ्लेवर बाटलीतल्या द्रावणाशीच संयोग पावून नवी, जास्त झोंबणारी रसायनं तयार करतात. त्यांचं नाव लेबलवर नसतं.

निकोटीन नसलं तरी हे लागू आहेच. 2019 पासून भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे त्या यंत्रात काय भरलंय हे तपासणारंही कुणी नाही. भाच्याला मी एवढंच म्हटलं, "दे इकडे."