आवाज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर

आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं की आवाज वाढतो, म्हणजे ते बटण आवाज वाढवतं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर घरच्या बहुतेक साउंड सिस्टिममध्ये त्या बटणाचं काम आवाज कमी करणं एवढंच असतं. सीडी प्लेअर आपल्या पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीनं वाजायला एक-दीड व्होल्ट पुरतो, आणि घरात बसून बेताच्या आवाजात गाणं ऐकायचं तर त्याचा विसावा भागही पुष्कळ होतो. उरलेला सिग्नल काढून टाकायचा, आणि तोही उरलेल्या भागाला धक्का न लावता. हे काम ट्रान्सफॉर्मरकडून करून घेणारी उपकरणं हौशी श्रोत्यांमध्ये लोकप्रिय आहेत. ती महाग असतात आणि त्यांच्याबद्दल बरंच काही चुकीचंही सांगितलं जातं.

जाहिरातीतला नेहमीचा दावा असा, की रेझिस्टर संगीत जाळून त्याची उष्णता करतो आणि ट्रान्सफॉर्मर काहीच वाया घालवत नाही. हिशोब करून पाहू. २ व्होल्टचा सिग्नल १० हजार ओहमच्या रेझिस्टरवर दिला, तर त्यात ०.४ मिलिवॅट शक्ती खर्च होते. प्लेअरवरचा छोटासा एलईडी दिवा याच्या कितीतरी पट वीज खातो. ही ‘बचत’ ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. ट्रान्सफॉर्मरचा खरा गुण वेगळा आहे आणि तो या दाव्यापेक्षा फार सुंदर आहे.

आधी साधा पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर घेऊ. कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावर सरकणारा एक स्पर्शक. सिग्नल पट्टीच्या वरच्या टोकाला येतो, खालचं टोक ग्राउंडला, आणि स्पर्शक मधून हवा तेवढा भाग उचलतो. अडचण अशी, की पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला आता मूळ प्लेअर ‘दिसत’ नाही, ही पट्टी दिसते. १ लाख ओहमचा पॉट सिग्नल निम्मा करत असेल, तर वरचे ५० हजार आणि खालचे ५० हजार ओहम समांतर जोडल्यासारखे होतात आणि आउटपुटचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा विरोध, २५ हजार ओहम होतो. त्यापुढे केबल आहे. शिल्ड केलेल्या केबलमध्ये आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक कपॅसिटर तयार होतो, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडचा. दोन मीटर केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरचं स्वतःचं इनपुट धरून ३०० पिकोफॅरड समजू. २५ हजार ओहम आणि ३०० पिकोफॅरड यांची जोडी २१ किलोहर्ट्झच्या आसपास फिल्टरसारखी वागते, आणि १५ किलोहर्ट्झलाच सिग्नल जवळपास पावणेदोन डेसिबलनं उतरलेला असतो. बटण आणखी खाली नेलं, तर इम्पिडन्स घटतो आणि उंच स्वरांची चमक परत येते. म्हणजे बटण फिरवताना आवाजाबरोबर त्याचा रंगही थोडा बदलतो. १० हजार ओहमचा पॉट घेतला, तर फिल्टरची ही मर्यादा दहापट वर जाते आणि हा दोष जवळपास नाहीसा होतो.

आता ट्रान्सफॉर्मर. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: प्राथमिक वेटोळ्याचे फेरे दुय्यमच्या दहा पट असतील, तर व्होल्टेज दहावा भाग होतो. रस्त्यावरच्या डीपीत ११ हजार व्होल्टचे सव्वाचारशेच्या आसपास होतात, ते याच नियमानं. पण सूत्राचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो: व्होल्टेज दहावा भाग झाला, की करंट दहा पट मिळतो. इम्पिडन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. अंश दहापट लहान आणि छेद दहापट मोठा, म्हणजे भागाकार शंभरपट लहान. फेऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग! सगळी गंमत या वर्गात आहे.

प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम असेल, तर आवाज २० डेसिबलनं, म्हणजे दहाव्या भागावर, आणल्यावर अ‍ॅम्प्लिफायरला तो १ ओहम दिसतो. त्यात तारेचा स्वतःचा रोध मिळवायचा. चांगल्या बांधणीत दोन्ही मिळून काहीशे ओहमच्या आतच राहतात. उलट दिशेनं पाहिलं, तर अ‍ॅम्प्लिफायरचा १० हजार ओहमचा भार प्लेअरला १० लाख ओहमचा भासतो आणि केबलचे ३०० पिकोफॅरड फक्त ३. आवाज जितका कमी, तितका प्लेअरवरचा भार हलका. चढावर सायकलचा गिअर बदलल्यावर पायांवरचा जोर कमी होतो, तसंच इथे घडतं. पॉट मात्र ब्रेक दाबून वेग कमी करतो. १८३१मध्ये फॅरडेनं लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हा परिणाम दाखवला, आणि आजही त्यात हलणारा एकही भाग लागत नाही, की वीजपुरवठा लागत नाही.

पण निसर्ग किंमत घेतोच, आणि इथे ती खालच्या स्वरांत द्यावी लागते. गाभ्यातला, म्हणजे वेटोळी ज्यावर गुंडाळलेली असतात त्या धातूतला, चुंबकी फ्लक्स व्होल्टेजच्या सम प्रमाणात आणि फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात असतो. तेवढाच व्होल्टेज १००० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झला दिला, तर फ्लक्स पन्नासपट होतो. गाभा संपृक्त झाला, म्हणजे आणखी चुंबकित होईनासा झाला, की स्वर वेडावाकडा होतो. दुसरीकडे, अगदी मंद सिग्नललाही गाभ्यानं साथ द्यायला हवी, आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधलं सिलिकॉन स्टील क्षीण चुंबकक्षेत्रात आळशी असतं. म्हणून इथे सुमारे ८० टक्के निकेल असलेला मिश्रधातू वापरतात. त्यातला मु-मेटल १९२३ साली ब्रिटनमध्ये विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट यांनी समुद्राखालच्या तारयंत्र केबलसाठी तयार केला. त्या केबलची कपॅसिटन्स संदेश पुसट करत असे, म्हणून तांब्याच्या तारेभोवती मु-मेटलची तार गुंडाळून इंडक्टन्स, म्हणजे करंटमधल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, वाढवायचा, अशी ती युक्ती होती. शंभर वर्षांनंतर त्याच जातीचा धातू आपल्या खोलीतल्या दोन मीटर केबलच्या कपॅसिटन्सवर उपाय म्हणून उभा आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. हा धातू नाजूकही असतो. जोरात आपटला किंवा वाकला, तर त्याची चुंबकी क्षमता घटते, तेव्हा डबा जपून हाताळा.

निवड करताना सर्वांत आधी आपल्या प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स पाहा. प्राथमिक वेटोळ्याचा इंडक्टन्स ५० हेन्री धरला आणि प्लेअर १०० ओहमचा असेल, तर खालची मर्यादा, म्हणजे जिच्याखाली सिग्नल उतरू लागतो ती फ्रिक्वेन्सी, ०.३ हर्ट्झवर जाते, काळजीच नाही. पण ५ हजार ओहमचा जुना व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) जोडला, तर तीच मर्यादा १६ हर्ट्झवर येते आणि विकृतीही वाढते. त्यात आणखी एक गुंता आहे. व्हॉल्व्ह उपकरणाच्या आउटपुटला कपॅसिटर असतो. तो १ मायक्रोफॅरडचा असेल, तर ५० हेन्रीबरोबर त्याचा अनुनाद साडेबावीस हर्ट्झला होतो आणि तिथे सिग्नलला उंचवटा येऊ शकतो. हा उंचवटा दाबायला प्लेअरकडचा रोध आणि पुढचा भार मदत करतात, पण आवाज कमी केल्यावर तो भार वर्गाच्या नियमानं हलका झालेला असतो, म्हणून ती मदतही कमी होते. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा केला, की अनुनाद ७ हर्ट्झवर जातो, ऐकण्याच्या मर्यादेखाली. कपॅसिटर मुळीच नसेल आणि आउटपुटवर थोडा डीसी असेल, तर तो वेटोळ्यातून वाहतो, गाभा एकाच बाजूला चुंबकित होतो आणि संपृक्तता लवकर येते. तेव्हा मल्टिमीटरनं डीसी मोजून घ्या.

विक्रेत्याला २० हर्ट्झला किती व्होल्ट चालतो, हे विचारा. उत्तर ‘चांदीची तार आहे’ किंवा ‘पाचशे तास वाजवल्यावर खुलतो’ असं आलं, तर पैसे खिशातच ठेवा. तांबं आणि चांदी यांच्या रोधातला फरक थोडी जाड तार घेऊन भरून निघतो, आणि ‘खुलण्याचा’ दावा करणाऱ्यानं तो डोळे बांधून घेतलेल्या तुलनेत सिद्ध करून दाखवावा. हेही सांगायलाच हवं, की काही रुपयांची ऑप-अँप ही अ‍ॅम्प्लिफायर चिप पॉटनंतर बफर म्हणून, म्हणजे पॉट आणि केबल यांच्या मधला दुवा म्हणून, लावली, तरी केबलचा प्रश्न सुटतो. ट्रान्सफॉर्मर निवडायचा तो विजेविना चालणारी, वर्षानुवर्षं टिकणारी रचना आवडते म्हणून, किंवा पुढच्या कारणासाठी.

ते कारण म्हणजे ग्राउंड लूप, दोन उपकरणांच्या ग्राउंडच्या जोडण्यांमधून तयार होणारं बंद वर्तुळ. संगणक किंवा सेट टॉप बॉक्स जोडल्यावर स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर येत असेल, तर वेगवेगळ्या वेटोळ्यांचा खरा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्यात दोन्ही बाजूंमध्ये धातूची जोडणी नसते, त्यामुळे लूप तुटतो. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये एकाच वेटोळ्यावर टॅप, म्हणजे मधूनच बाहेर काढलेल्या जोडण्या, काढलेले असतात. तो तुलनेनं स्वस्त आणि वरच्या फ्रिक्वेन्सीत बहुधा अधिक सरळ असतो, पण लूप तोडत नाही. घरघर नसेल, तर ऑटोट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे.