हक्क संपलेलं चित्र आणि हक्कदाराने मोकळं केलेलं चित्र

विकिपीडियाच्या लेखांत दिसणारी बहुतेक चित्रं विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारातून येतात. तिथे चित्रकार म. वि. धुरंधरांचं एखादं जुनं चित्र शोधा, आणि मग एखाद्या हौशी ट्रेकरने अलीकडेच काढलेला रायगडाचा फोटो शोधा. दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. दोन्ही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापता येतात, ते पुस्तक विकताही येतं. म्हणून दोन्हींना सरसकट ‘कॉपीराइट-फ्री’ म्हटलं जातं आणि तिथेच घोळ होतो. धुरंधरांच्या चित्रावर कॉपीराइट उरलेला नाही. रायगडाच्या फोटोवर मात्र तो पुरता शाबूत आहे. फोटो काढणाऱ्याने काही अटींवर सगळ्यांना वापराची मोकळीक दिली आहे, एवढंच.

आधी हक्क संपतो कसा ते पाहू. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही वर्षं मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून मोजतात. धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २००५ पासून त्यांची चित्रं भारतात पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाचाच कॉपीराइट नसलेल्या कामांत, आली. आता त्यांवर वारसांचा कॉपीराइट नाही, मूळ चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याचाही नाही. छापताना धुरंधरांचं नाव द्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, पण ती परवान्याची अट नाही. परवाना देणारंच कुणी उरलेलं नाही. (ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती १० वर्षांनी वाढवली गेली.)

इथे मृत्यूचं साल कुणाचं, हे नीट बघावं लागतं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांबद्दल शंका नाही. पण त्यांच्या नावाचा छापखाना त्यांच्यामागेही बरीच वर्षं चालू होता आणि इतर चित्रकारांची चित्रंही छापत होता. देवघरातल्या जुन्या तसबिरीखाली रविवर्मा प्रेसचं नाव आहे, तेवढ्यावरून ती रविवर्म्यांची ठरत नाही.

फोटोंचं गणित वेगळं आहे. १९५८ पूर्वी काढलेल्या फोटोंना जुन्या कायद्याची मुदत लागते, मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं, असं कॉमन्सवर धरतात. त्यानंतरच्या फोटोंना प्रकाशनापासून ६० वर्षं होती. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम काढलं आणि फोटोही ‘हयात अधिक ६० वर्षं’ या नियमात आले. शिवाय कॉमन्स चालवणारी संस्था अमेरिकेतली आहे, म्हणून चित्र मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मोकळं असावं लागतं. १ जानेवारी १९९६ ला जी परदेशी कामं आपापल्या देशात हक्काखाली होती, त्यांपैकी बऱ्याच कामांना अमेरिकेने तिथला हक्क बहाल केला. त्यामुळे १९५५ सालचा एखादा फोटो २००६ पासून भारतात मोकळा असूनही कॉमन्सवरून वगळला जाऊ शकतो. आपल्याकडच्या संपादकांना हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. पण त्याबद्दल फोटो वगळणाऱ्या स्वयंसेवकाशी भांडून उपयोग नाही.

आता रायगडाचा फोटो. असे फोटो बहुधा ‘बाय-एसए’ (नाव द्या, त्याच अटींवर पुढे द्या) या परवान्याखाली असतात. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने कुणालाही वापरता येतील असे तयार परवाने केले आहेत, त्यांतला हा एक. विकिपीडियाचा मजकूरही २००९ पासून याच परवान्याखाली आहे. त्याच्या अटी थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. फोटो काढणाऱ्याने दिलेलं नाव छापायचं. परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा. फोटोत बदल केला असेल तर तसं सांगायचं. आणि त्या फोटोवरून नवं काही घडवून वाटलं, म्हणजे समजा त्यावर रंगकाम करून पोस्टर केलं, तर ते पोस्टरही त्याच परवान्याखाली द्यायचं.

वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत ‘सौजन्य : विकिपीडिया’ किंवा त्याहून वाईट ‘छायाचित्र : इंटरनेट’ असं छापलेलं वारंवार दिसतं. त्याने अट पुरी होत नाही, कारण फोटो विकिपीडियाच्या मालकीचा नसतो. पहाटे उठून गड चढलेल्या माणसाने त्याच्या मोबदल्यात एक पैसा मागितलेला नाही, फक्त नाव मागितलं आहे. तेही गाळलं तर परवाना आपोआप संपतो आणि उरतो तो सरळ कॉपीराइटचा भंग. परवान्याच्या चौथ्या आवृत्तीत एक सवलत आहे: चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवाना पुन्हा लागू होतो. उलट बाजूने, अटी पाळणाऱ्याकडून फोटोग्राफरलाही दिलेली मोकळीक काढून घेता येत नाही. म्हणून कॉमन्सवर फोटो चढवण्याआधी हा निर्णय कायमचा आहे, हे नव्या लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

‘फक्त विकिपीडियासाठी वापरा’ किंवा ‘व्यापारी वापर नको’ अशी परवानगी तिथे चालत नाही. एखादा कलावंत मोठ्या मनाने आपला फोटो देतो आणि तो वगळला जातो, तेव्हा त्याला अपमान झाल्यासारखं वाटतं. कारण साधं आहे: विकिपीडियाचा लेख उद्या कुणी छापील पुस्तकात घालून विकू शकतो, आणि लेखातल्या चित्रालाही तीच मुभा असावी असा नियम आहे. दुसऱ्याने काढलेला फोटो असेल तर त्याने ‘हो’ म्हटलंय एवढं सांगून भागत नाही. हक्कदाराने परवान्याचं नाव घेऊन स्वतः ईमेल पाठवावा लागतो, तो स्वयंसेवकांचा एक गट तपासतो.

दोन्ही प्रकार एकत्र येतात ते घरच्या अल्बममध्ये. समजा, आजोबा स्वातंत्र्यचळवळीत होते आणि त्यांच्यावरच्या लेखाला फोटो हवा आहे. १९३५ साली स्टुडिओत काढलेला फोटो नातू स्कॅन करतो आणि कॉमन्सवर ‘स्वतःचे काम’ म्हणून बाय-एसए परवान्याखाली चढवतो. हेतू चांगला, नोंद चुकीची. त्या फोटोची मुदत १९८५ मध्येच संपली, म्हणजे १९९६ ची अमेरिकी अडचणही त्याला लागू होत नाही. स्कॅनरची काच उघडून बंद केल्याने नातवाला नवा हक्क मिळत नाही, आणि जो हक्क नाही त्याचा परवाना देता येत नाही. स्टुडिओचं नाव, अंदाजे साल आणि ‘कौटुंबिक संग्रहातून’ हा उल्लेख देऊन पब्लिक डोमेनचा साचा (फाइलच्या पानावर लावायची ठरावीक सूचना) लावणं, ही बरोबर नोंद.

त्याच अल्बममध्ये पुढे १९७५ सालचा फोटो आहे. आजी-आजोबा, पैसे देऊन काढून घेतलेला. याची मुदत संपलेली नाही. पण कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार काढवून घेणारा असतो, कॅमेरा धरणारा नव्हे. म्हणजे हक्क आजोबांचा, आणि त्यांच्यामागे वारसांचा. सगळ्या वारसांनी संमती देऊन ईमेलने परवाना कळवला तर हा फोटो कॉमन्सवर मानाने राहू शकतो. मराठी चरित्रलेखांत फोटोंच्या जागा रिकाम्या आहेत, त्यांतल्या कितीतरी अशा अल्बममधून भरून निघतील. म्हणून मला हा फरक इतका महत्त्वाचा वाटतो.

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल उलटी गल्लत होते. लेणं बाराशे वर्षांपूर्वीचं, तेव्हा त्याचा फोटोही मोकळा, असं लोक धरून चालतात. शिल्पावर कुणाचा कॉपीराइट नाही हे खरं, पण कोन, उजेड, चौकट फोटोग्राफरने निवडली. त्या फोटोवर त्याचा हक्क आहे आणि त्याचा परवाना पाळावाच लागतो. सपाट चित्राचं तसं नाही. जुन्या चित्राच्या हुबेहूब छायाचित्राला नवा हक्क मिळत नाही असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने १९९९ साली ब्रिजमन खटल्यात दिला, आणि कॉमन्स त्याच वाटेने जातं. चौकातल्या नव्या पुतळ्याचा शिल्पकार हयात असला तरी सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढण्याची मुभा भारतीय कायदा देतो. भिंतीवर रंगवलेल्या म्युरलला ती सवलत कॉमन्सवर धरत नाहीत.

सरकारी फोटोंबद्दल थोडक्यात: नासाचे फोटो मोकळे असतात, कारण अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीवर तिथे कॉपीराइट नसतो. आपल्याकडे सरकारी कामावर प्रकाशनापासून ६० वर्षं सरकारचा हक्क असतो. संकेतस्थळावर आहे म्हणून मोकळं, असं होत नाही.

फोटो कोणत्या प्रकारचा हे ठरवता आलं नाही, तर कॉमन्सचा कल वगळण्याकडे असतो. पण वगळलेली फाइल सहसा कायमची पुसली जात नाही, प्रशासकांना ती परत आणता येते. हक्क कधी संपणार हे ठाऊक असेल तर वगळण्याच्या चर्चेला त्या सालाचा वर्ग, म्हणजे त्या साली परत आणायच्या फाइलींची यादी, जोडून ठेवतात. १९७० साली वारलेल्या भारतीय चित्रकाराचं चित्र भारतीय मुदतीपुरतं २०३१ च्या वर्गात पडतं. अमेरिकेतली मुदत आड आली नाही, तर त्या वर्षीच्या १ जानेवारीनंतर कुणीतरी स्वयंसेवक ती यादी उघडतो आणि फाइल परत आणायची विनंती करतो.