पानांची टोकं करपली म्हणून पाणी वाढवू नका

कॅलॅथिया, मरांटा, ड्रसीना, हंसराज, आफ्रिकन व्हायोलेट. ही नाजूक मंडळी आमच्या रोपवाटिकेतून घरी गेली की महिन्या-दोन महिन्यांनी फोटो येऊ लागतात. पानाची कड तपकिरी, टोक वाळून कुरकुरीत, आणि खाली एक ओळ : ‘रोज पाणी घालतोय तरी असं होतंय.’ त्यातला ‘तरी’ बरेचदा ‘म्हणून’ असतो. हे पत्रक त्यासाठीच.

पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात

मुळं पाणी ओढतात आणि पानांतून त्याची वाफ होऊन जाते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत. काही मातीत साठतात, तर काही पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जाऊन तिथेच अडकतात. म्हणून करपणं टोकापासून सुरू होतं. कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसला, तर तो याच क्षारांचा समजा.

ड्रसीना, स्पायडर प्लांट आणि कॅलॅथियाला फ्लोराइड विशेष बाधतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १.५ मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा सुचवली आहे, पण ती माणसांसाठी. आपल्याला चालणारं पाणी ड्रसीनाला चालेलच असं नाही.

‘पाणी रात्रभर उघडं ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. त्याने क्लोरीन बरंचसं उडून जातं. फ्लोराइड आणि क्षार जागचे हलत नाहीत. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, तेही सहजी जात नाही. उकळल्याने जडपणाचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा, काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो, पण पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. गॅस जाळण्याइतका फायदा त्यात नाही.

बोअरच्या जड पाण्याची तऱ्हा वेगळी. त्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते, आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. अनंत किंवा अझेलियाची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर खताआधी पाण्यावर संशय घ्या. (खत आम्हीही विकतो, तरी हे सांगतोय.) सॉफ्टनरमधून (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रातून) आलेलं पाणी कुंडीला घालूच नका. त्यातलं कॅल्शियम काढून सोडियम घातलेलं असतं आणि ते झाडांना अधिक त्रासदायक.

मग कोणतं पाणी?

पावसाचं सर्वांत चांगलं. छपरावरून धरत असाल तर पहिल्या सरीचं धूळ-घाणीचं पाणी जाऊ द्या. आरओचं शुद्ध पाणीही चालतं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं. ते नळाच्या पाण्यात मिसळा, नाहीतर खत वेळच्या वेळी द्या. आरओच्या बाजूच्या नळीतून निघणारं टाकाऊ पाणी फरशी पुसायला ठेवा, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीचं पाणी क्षारांच्या दृष्टीने हलकं असतं. मात्र एसी औषध मारून धुतला असेल तर काही दिवस ते टाळा.

कीटकभक्षी झाडं घेतलीत तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनाएवढा टीडीएस मीटर जवळ ठेवा. आकडा ५० पीपीएमच्या (लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या) खाली हवा, तिथे तडजोड नाही. बाकी झाडांसाठी मीटरवर फार विसंबू नका. क्षार किती ते तो सांगतो, कोणते ते नाही.

घालायचं कसं

‘दर सोमवारी आणि गुरुवारी’ हा नियम कॅलेंडरसाठी बरा. बोट दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागली तर झारी ठेवून द्या. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली तर त्याहून उत्तम.

घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. रोज अर्धा पेला देण्याने वरची माती ओली दिसते, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षार धुऊन जायला वाटच मिळत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं चांगलं पाणी सावकाश ओतून सगळं निथळू द्या.

माती ओली असताना झाड माना टाकत असेल तर ते तहानलेलं नाही. हवा न मिळाल्याने मुळं कुजत आहेत. कुंडीच्या तळाशी खडे घालून हे टळत नाही, पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं. उलट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) फारच सुकलं तर ते पाणी धरत नाही, पाणी कडेने सरळ निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

दोन अपवाद. हंसराज एकदा पुरता सुकला की पानं गेली म्हणून समजा. ती बुडापासून कापून माती ओलसर ठेवलीत तर जिवंत मुळांतून नवी फुटतात. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर गार पाणी पडलं की डाग उठतात, म्हणून पाणी खोलीइतकं कोमट होऊ द्या आणि मातीतच घाला.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. पाणी बदलल्यावर नव्या पानाकडे बघा. तेही करपलं तर फोटो पाठवा, पण त्यात पानाबरोबर कुंडी आणि ताटलीही येऊ द्या, आणि पाणी कुठलं ते लिहा.