पडद्यावर दिसलेले आणि निर्मात्याने सांगितलेले

‘यंग जस्टिस’ या तरुण महानायकांच्या ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, नायकांच्या तळाखालच्या गुहेत, गेलेल्या साथीदारांचे होलोग्राम उभे केलेले दिसतात. त्यांत जुना ब्लू बीटल म्हणजे टेड कॉर्ड आहे, ॲक्वागर्ल म्हणून वावरलेली टूला आहे, आणि रॉबिनच्या, म्हणजे बॅटमॅनच्या तरुण साथीदाराच्या, पोशाखातला एक मुलगा आहे. पहिल्या पर्वातला रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, आता नाइटविंग झालेला आहे. सध्याचा रॉबिन टिम ड्रेक आहे आणि तो हिंडता-फिरता आहे. म्हणजे दोन पर्वांच्या मधल्या पाच वर्षांत आणखी एक रॉबिन होऊन गेला. बॅटमॅनची कॉमिक्स वाचलेल्या प्रेक्षकाला तो जेसन टॉड आहे हे पाहताक्षणी उमगते, आणि तिथूनच प्रश्नांची रांग लागते: तो केव्हा गेला, कशाने गेला, त्या वेळी डिक कुठे होता?

असे प्रश्न मालिकेच्या निर्मात्यापर्यंत पोहोचतात, आणि ‘यंग जस्टिस’च्या बाबतीत तर ते फार मोठ्या संख्येने पोहोचत आले आहेत, कारण ब्रँडन व्हिएटी यांच्यासोबत ही मालिका घडवणारे ग्रेग वाइसमन हे चाहत्यांच्या प्रश्नांना वर्षानुवर्षे स्वतः उत्तरे देत आलेले लेखक आहेत. ‘गार्गॉइल्स’ ही 1994 साली सुरू झालेली त्यांची मालिका बंद पडल्यानंतरही त्यांनी हा परिपाठ सोडला नाही. त्यांच्या या उदारपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र त्यामुळेच एक घोटाळा वाढला आहे, आणि तो नीट सोडवून दाखवावा असे मला फार दिवसांपासून वाटते. मालिकेत जे आहे ते, आणि मालिकेबद्दल निर्मात्याने जे सांगितले ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु चाहत्यांच्या टिपणांत, याद्यांत आणि वादांत त्या एकाच ओळीत, एकाच ठामपणे लिहिल्या जातात. सहा महिन्यांनी कोणती गोष्ट कुठून आली हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पहिली गोष्ट आधी घेऊ. चाहते जिला ‘कॅनन’ म्हणतात ती म्हणजे पूर्ण होऊन लोकांसमोर आलेली कथा. ‘यंग जस्टिस’च्या चार पर्वांचे मिळून 98 भाग आहेत. त्यांच्या जोडीला निर्मात्यांनी त्याच कथाविश्वाचा भाग मानलेली कॉमिक्स आहेत, आणि पहिल्या व दुसऱ्या पर्वामधल्या काळात घडणारा 2013 सालचा एक व्हिडिओ गेमही आहे. या मालिकेचे एक वैशिष्ट्य असे की प्रसंग बदलला की पडद्यावर स्थळ, तारीख आणि घड्याळाची वेळ उमटते. पहिलाच भाग 4 जुलैला गॉथम शहरात सुरू होतो आणि पहिले पर्व नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर संपते. त्यामुळे दोन प्रसंगांत किती दिवस गेले हे कोणालाही मोजता येते, आणि मोजणाऱ्याला निर्मात्याची परवानगी लागत नाही. कॅननचे बळ नेमके यात आहे. ते सर्वांसमोर सारखेच उघडे असते. मी पाहिलेला भाग तुम्हीही पाहू शकता आणि माझी चूक दाखवून देऊ शकता.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्मात्याचे उत्तर. आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत, आणि विश्वासार्ह जाणकाराचे म्हणणे ते शब्दप्रमाण, अशी त्यातली मांडणी आहे. निर्मात्याचे उत्तर हे अशा अर्थाने शब्दप्रमाण आहे. ज्याने पात्र घडवले, पटकथेच्या बैठकीत जो बसला, ज्याच्याकडे या कथाविश्वाच्या घटनाक्रमाची शेकडो पानांची नोंद आहे, त्याच्या शब्दाला वजन असणारच. पण ते वजन वक्त्यावरच्या विश्वासाचे आहे. कथेने ती गोष्ट अजून स्वतःच्या तोंडाने सांगितलेली नसते.

उदाहरण ‘गार्गॉइल्स’चेच घ्यावे. त्या मालिकेतला लेक्सिंग्टन हा समलिंगी आहे, असे वाइसमन यांनी चाहत्यांना स्पष्ट सांगितले आहे. मूळ मालिकेचे भाग कितीही बारकाईने पाहिले तरी त्यात तसे विधान कुठेही सापडत नाही. नव्वदच्या दशकातल्या लहान मुलांच्या दूरचित्रवाणीवर ते येणे जवळजवळ अशक्यच होते. ज्यांना त्या पात्रात स्वतःचे काही सापडले त्यांच्यासाठी हे उत्तर मोलाचे आहे, आणि लेखकाच्या मनात ते पात्र कसे होते याचा तो उत्तम पुरावा आहे. परंतु ‘मालिकेत दाखवले आहे’ असे कोणी लिहिले तर ते चूक ठरेल, आणि त्या काळी काय दाखवता येत नव्हते हा महत्त्वाचा इतिहासही त्या एका वाक्याने पुसला जाईल. याच्या उलट ‘यंग जस्टिस’च्या तिसऱ्या पर्वात कॅल्डुर आणि विंड या दोन पुरुष पात्रांचे प्रेम पडद्यावरच दिसते. ते सांगायला कोणा निर्मात्याच्या खुलाशाची गरज उरत नाही.

हा भेद वाइसमन स्वतः अनेक चाहत्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. मनात ठरलेल्या, पण अजून कोणत्याही भागात किंवा अंकात न आलेल्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे ‘कॅनन-इन-ट्रेनिंग’ असा शब्द आहे. मराठीत त्याला मी उमेदवारीतले कॅनन म्हणेन. एखादा पोरगा कारखान्यात उमेदवारी करतो तेव्हा तो कामाला लागलेला असतो, पण अजून कायम झालेला नसतो. तशीच ही माहिती. उद्या ती गोष्ट लिहिताना अधिक चांगली कल्पना सुचली, तर लेखक ती बदलायला मोकळा आहे, आणि तसे झाले तर त्याने कोणाला फसवले असे होत नाही. ज्यांनी उमेदवारीतली गोष्ट कायम झालेली म्हणून लिहून ठेवली, त्यांनाच मग निर्मात्याने शब्द मोडल्यासारखे वाटते. मला हा राग नेहमी अन्यायाचा वाटत आला आहे.

आता याची गुंतागुंतीची बाजू. पडद्यावर दिसले म्हणजे ते खरे, इतके सोपे हे प्रकरण नाही. त्याच गुहेत पुढे आर्टेमिस या नायिकेचाही होलोग्राम उभा राहतो. तिचे मित्र तिच्यासाठी तिथे शोक करतात. आर्टेमिस मात्र जिवंत आहे. कॅल्डुर, नाइटविंग आणि वॉली या साथीदारांच्या संगनमताने तिच्या मृत्यूचा देखावा उभा केलेला आहे, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक आहे. म्हणजे होलोग्राम एवढेच सिद्ध करतो की तो उभारणाऱ्यांची त्या व्यक्तीच्या मृत्यूवर श्रद्धा आहे. मग शेजारच्या जेसनच्या होलोग्रामाकडेही याच सावधपणे पाहायला हवे. तिसऱ्या पर्वात बॅटमॅनचा शत्रू रास अल घूल याच्या बेटावर लाल टोपडे घातलेला एक निन्जा ‘ग्रेसन’ हे नाव अडखळत उच्चारतो, तेव्हा त्या जुन्या शंकेला एकदम धार येते. तो जेसनच असावा असे जवळजवळ प्रत्येक चाहता मानतो, मीही मानतो. परंतु हे ना मालिकेचे विधान आहे, ना निर्मात्याचे उत्तर. हे अनुमान आहे.

या अनुमानात आणखी एक धागा नकळत मिसळतो. व्हिएटी यांनीच 2010 साली ‘बॅटमॅन: अंडर द रेड हूड’ हा ॲनिमेशनपट दिग्दर्शित केला होता, आणि त्याचा विषयच जेसन टॉडचा मृत्यू व पुनरागमन हा आहे. दिग्दर्शक तोच, पात्र तेच, वर्षही मालिका सुरू झाली तेच. त्यामुळे त्या चित्रपटातला जोकर आणि त्याच्या हातातली पहार ‘यंग जस्टिस’च्या जेसनच्या चरित्रात आपोआप येऊन बसतात. परंतु ही मालिका अर्थ-16 नावाच्या तिच्या स्वतंत्र विश्वात घडते आणि चित्रपट त्या विश्वाचा भाग नाही. हा जेसन कसा गेला हे चित्रपट पाहून ठरवता येत नाही.

पडद्याच्या अधिकाराला दुसऱ्या बाजूनेही मर्यादा आहे. ‘गार्गॉइल्स’चे तिसरे पर्व 1996 साली वेगळ्या उपशीर्षकाने प्रसारित झाले. त्यातला पहिला भाग वाइसमन यांनी लिहिला होता, उरलेल्या भागांत ते नव्हते, आणि ते भाग ते आपल्या कथेचा भाग मानत नाहीत. 2006 साली कॉमिक्सच्या रूपाने त्यांनी कथा पुन्हा हाती घेतली, तेव्हा त्या पहिल्या भागाची गोष्ट नव्याने मांडून पुढे निघताना बाकीचे भाग त्यांनी बाजूला ठेवले. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना प्रक्षिप्त भाग हा शब्द परिचयाचा आहे. मागाहून कोणी घुसडलेला मजकूर मूळ कर्त्याच्या नावावर वाचायचा का, हा तोच प्रश्न इथे उभा राहतो. फरक असा की इथे मूळ कर्ता हयात आहे आणि स्वतः सांगतो आहे, तर मालकी मात्र त्याची नाही. पात्रांचे हक्क कंपनीकडे आहेत. म्हणून वाइसमन यांचा नकार चाहत्यांनी मानला तो त्यांच्या अधिकाराच्या कागदामुळे नव्हे. त्यांच्या हातून उतरलेल्या भागांचा दर्जा पाहून मानला. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो निर्णय आहे हे विसरू नये.

निर्मात्याचे उत्तर बहुतेक वेळा काहीच उलगडत नाही, हेही सांगायला हवे. भविष्याविषयी विचारले की वाइसमन यांचे ठरलेले उत्तर असते: स्पॉयलर नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी उघड होते की सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन यांच्यासह जस्टिस लीग या ज्येष्ठ महानायकांच्या संघाचे सहा जण परक्या मनोनियंत्रणाखाली असताना 16 तास कुठेतरी गेले होते आणि त्या 16 तासांचा हिशेब लागत नाही. पर्व तिथेच थांबते. त्या काळात हा प्रश्न चाहत्यांनी किती तऱ्हांनी विचारला असेल याची कल्पना करावी. उत्तर दुसऱ्या पर्वात आले: त्या सहा जणांना रिंबोर ग्रहावर धाडून तिथे धुमाकूळ घालायला लावले होते, आणि त्याची शिक्षा पृथ्वीला भोगावी लागणार होती. हे आधीच कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगून टाकले असते, तर पाच वर्षांनंतर परग्रहवासी या वीरांची नावे गुन्हेगार म्हणून घेतात तेव्हा बसणारा धक्का उरलाच नसता. उत्तर न देणे हाही कथेची राखण करण्याचाच प्रकार आहे.

मालिका मार्च 2013 मध्ये बंद झाली आणि तिसरे पर्व थेट जानेवारी 2019 मध्ये आले. घोटाळा पिकला तो या जवळजवळ सहा वर्षांत. नवे भाग नव्हते, पण उत्तरे येत होती. भुकेल्या चाहत्यांसाठी उत्तर हाच नवा भाग झाला. मात्र याच काळातल्या एका प्रकारच्या उत्तरांना मी पडद्यापेक्षाही वरचा दर्जा देतो. मालिका का बंद पडली असे विचारल्यावर वाइसमन यांनी मोकळेपणाने सांगितले की तिचा निधी खेळण्यांच्या विक्रीशी बांधलेला होता आणि ती विक्री पुरेशी झाली नाही. असली गोष्ट 98 भाग पारायण करूनही कळणार नाही. म्हणजे कथेच्या आत काय घडले याबाबत मालिका हा पहिला पुरावा आणि उत्तर हा दुसरा. पण कथा कशी घडली, काय कापले गेले, कोणत्या अडचणीमुळे एखादे पात्र वापरता आले नाही, याबाबत उत्तर हाच पहिला पुरावा. प्रश्न कोणत्या जातीचा आहे यावर उत्तराचे वजन ठरते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

म्हणून विचारण्याआधी आपल्याला यांतले काय हवे आहे ते पाहावे. भागात स्पष्ट दिसणारी तारीख निर्मात्याला विचारणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे आहे. पुढे काय होईल असे विचारून ठरलेला नकारच मिळतो. आणि स्वतःला सुचलेले कथानक प्रश्नात गुंफून पाठवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण पुढे मालिकेत तसे काही आले तर कल्पना कोणाची असा कायदेशीर वाद उभा राहू शकतो. वाइसमन अशा सूचना वाचायलाच नकार देतात ते याच कारणाने. ‘त्या गुहेच्या प्रसंगात तिसरा होलोग्राम ठेवावा हे पटकथा लिहितानाच ठरले होते का’ असा नेमका, झालेल्या गोष्टीविषयीचा प्रश्न मात्र सहसा वाया जात नाही.

मी स्वतः मालिका पाहताना वही ठेवतो आणि तिच्यात दोन रकाने आखलेले आहेत. डावीकडे भागाचे नाव आणि पडद्यावर उमटलेली तारीख घालून शाईने लिहितो. उजवीकडे निर्मात्याचे उत्तर, ते कोणत्या वर्षी दिले या नोंदीसह. उत्तराला वर्ष घालणे मी अलीकडेच सुरू केले, कारण 2012 साली दिलेले उत्तर आणि 2019 नंतर दिलेले उत्तर यांच्या मध्ये एक अख्खे पर्व आलेले असते. माझी अनुमाने पेन्सिलीने लिहिलेली असतात. लाल टोपड्यातल्या त्या निन्जासमोर ‘जेसन टॉड’ हे नाव आजही पेन्सिलीतच आहे.