पूर, आघात आणि आत्महत्या: पार्श्वभूमी

जुलै लागला की कोल्हापुरात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे शाळेतली पोरंपण सांगतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत महापूर, चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत घरं पाण्यात. पंचनामे झाले ते घरांचे, जनावरांचे, उसाचे. माणसं आतून किती खचली ते कोण बघणार?

पण म्हणून "पूर आला की आत्महत्या वाढतात" असं कुणी छातीठोक सांगायला लागलं तर जरा थांबा. १९९८ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक संशोधनाचा पेपर आला, पुरानंतरच्या चार वर्षांत आत्महत्येचं प्रमाण १३.८ टक्क्यांनी वाढतं म्हणून, लई गाजला, आणि पुढच्याच वर्षी लेखकांनी तो मागं घेतला, कारण एका वर्षाचे आकडे चुकून दोनदा मोजले गेले होते, दुरुस्त केल्यावर तसली वाढ दिसेना. ही चूक त्यांनी स्वतः जाहीर केली ह्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

मग आघाताचा संबंध नाहीच का? आहे, पण तो आकाशातून पडणाऱ्या पाण्याशी कमी आणि नंतरच्या दिवसांशी जास्त. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम ह्यानं १८९७ लाच म्हटलं होतं की आत्महत्येकडं फक्त त्या एका माणसाचा प्रश्न म्हणून बघू नका, त्याची समाजाशी वीण किती घट्ट आहे तेपण बघा. १९७२ ला अमेरिकेत बफेलो क्रीक इथं कोळशाच्या गाळाचा बांध फुटला, १२५ माणसं गेली. वाचलेल्यांना सरकारनं तात्पुरती घरं दिली, पण कोण कुणाचा शेजारी हे न बघताच, भावकी एकीकडं आणि शेजारपाजार दुसरीकडं. तिथं काम केलेल्या काई एरिक्सन ह्या समाजशास्त्रज्ञानं मांडलं की माणसाला बसलेला धक्का वेगळा आणि अख्ख्या वस्तीला बसलेला वेगळा, दुसरा हळूहळू चढतो. पुनर्वसनाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं असं मला वाटतं.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनावर दीर्घकाळ राहणाऱ्या ताणाचा आजार, हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत १९८० ला आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळं. लहानपणीच्या आघातांचा हिशोब अजून उशिरा, २००१ ला सॅन दिएगोतल्या सतराएक हजार लोकांच्या अभ्यासात दिसलं की मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन ह्यातला कुठलापण अनुभव असला तर आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका दोन ते पाच पट. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे, बहुतेक माणसं तगतातच.

आपल्याकडं मात्र आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर कितीतरी वर्षं भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा, त्यामुळं घरचे डॉक्टरला खरं सांगायलाच घाबरायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पहिल्यांदा धरून चालायला लावलं की अशा माणसावर प्रचंड ताण होता, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम. २०२२ ला टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६ नंबर, फुकट, रात्री-अपरात्रीपण लागतो आणि मराठीत बोलता येतं.